चौथी रेघ

कोकणातल्या त्या छोट्या, आत शिरलेल्या किनाऱ्याभोवती जुन्या लोहखाणीच्या पडक्या भिंती होत्या. आम्ही जळगावकरांनी चपला आणि डबे पाण्यापासून अकरा पावलांवर ठेवले. तेवढे भरपूर, असा माझा हिशेब. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी खालीच जाते.

शेजारी सहलीला आलेले शिंदखेड्याचे एक आबा खाणीतल्या लाल ढेकळाने दगडावर रेघा ओढत होते. गावच्या विहिरीचे पाणी ते असेच मोजत. एकदम ओरडले, "भाऊ, डबा उचला! मनी तिसरी रेघ बुडनी!"

डबे वाचले, माझी एक चप्पल गेली. आबा हसत वर चौथी रेघ ओढत होते. "जलमभर उतरतं पानी मोजं, आज चढतं देखं!"

एका चपलेनिशी मी त्यांच्याशेजारी बसलो आणि पाचव्या रेघेसाठी ढेकूळ मागून घेतले.