खंडेनवमीची बॅटरी

मुकेशच्या एकाही शर्टाचा पोटाकडचा भाग कधी धड नसायचा. बॅटरीचं अॅसिड अंगावर उडतं तेव्हा कळत नाही. धुतलं की कापडाची चाळण होऊन बाहेर येते. "तुमाला नवा शर्ट म्हंजे गाढवाला गुळाची चव," असं त्याची बायको संध्या म्हणायची, आणि तो भोकांचा शर्ट घालून दुकानात जायचा. दुकान शहापूरच्या बाजारपेठेत, महादूच्या वेल्डिंगच्या गॅरेजला लागून. वडील रामा वाशिंदच्या कारखान्यात कामाला होते. मुलानेही तिथेच चिकटावं असं त्यांना फार वाटायचं, पण मुकेश दहावीनंतर कल्याणला एका बॅटरीवाल्याच्या हाताखाली राहिला आणि चौऱ्याण्णवच्या सुमारास परत येऊन त्याने स्वतःची पाटी लावली.

सुरुवातीची दहा वर्षं ट्रक आणि ट्रॅक्टर. मग भारनियमन आलं, अर्धा-अर्धा दिवस वीज जायला लागली आणि शहाण्या माणसांना सौरदिव्याचं वेड लागलं. पॅनल सगळे बघून घेत, उन्हात चकाकतं म्हणून. बॅटरीकडे कोणी बघत नसे. मुकेशचं मत असं, की पॅनल म्हणजे नवरदेव, मिरवायला. संसार बॅटरीने करायचा असतो. माणसावर पटकन विश्वास ठेवायचा आणि बॅटरीच्या सेलवर अजिबात नाही, असा त्याचा उलटा कारभार होता. नवीन डब्यातून निघालेला सेलसुद्धा तो आधी तपासायचा, आणि गिऱ्हाईक कंटाळून दुसऱ्या दुकानात गेलं तरी त्याला वाईट वाटायचं नाही.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात टोकावड्याच्या वरच्या वाडीतला कमळू त्याच्याकडे आला. त्या वाडीत विजेचे खांब येऊन बरीच वर्षं झाली होती. तारा यायच्या होत्या. तोवर खांबांना लोक बैल बांधत. कमळूचा मुलगा किशोर कल्याणला नोकरीला, त्याने कुठून तरी एक पॅनल मिळवून घरी पाठवलं होतं. सून रविना लहानग्याला घेऊन वाडीतच होती, आणि रात्री पाळण्याखाली एकदा मण्यार निघाल्यापासून कमळूची बायको हिराबाई उजेड पाहिजेच म्हणून हटून बसली होती.

मुकेशकडे तेव्हा टेलिफोनवाल्यांनी मोडीत काढलेले मोठे सेल आले होते, एकेक दोन व्होल्टचा. सहा जोडले की बाराची बॅटरी. पण सहा कुठले, हा सगळा प्रश्न. ओळीत जोडलेल्या सेलांचं भाऊबंदकीसारखं असतं, एक बसला की बाकीच्यांना घेऊन बसतो. मुकेशने ढिगातले फुगलेले, तडकलेले बाजूला काढले. उरलेले पूर्ण चार्ज करून प्रत्येकाच्या अॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, बघितला, मग ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब लावून कोण किती वेळ तग धरतो ते पाहिलं, मग काही दिवस नुसते ठेवून दिले, कोण आपोआप उतरतो हे कळायला. कमळू दोनदा येऊन हात हलवत परत गेला. शेवटी पाच पक्के निघाले. सहावा जरा मऊ होता. त्याच्याहून बरा ढिगात नव्हता.

"थोडा मागं पडतोय," मुकेश म्हणाला, "पन त्याला ओढून घेऊ बरोबरीला."

ओढून घ्यायची रीत अशी, की बॅटरी भरली की करंट तोडणारा जो कंट्रोलर असतो, तो तात्पुरता बाजूला काढायचा आणि पॅनलचा करंट दोन-तीन दिवस सरळ सेलांत सोडायचा. भरलेले सेल उकळत राहतात, मागचा हळूहळू वर येतो. त्या उकळण्यातून ठिणगीने भडकणारा गॅस निघतो. तो कोंडू नये म्हणून बुचं सैल ठेवायची.

मुकेशने सेल वाडीत नेऊन माजघरात लाकडी पेटीत बसवले. त्या माजघरात तो पाय ठेवणार म्हणून कमळूचा भाऊ देवराम तोंड वाकडं करून बाहेर ओट्यावर बसला होता. मुकेश बौद्ध. वाडीतली जुनी माणसं त्याला प्यायला पाणी देत, बसायला घोंगडं देत, पण आतल्या खोलीत आजवर कोणी बोलावलं नव्हतं. हिराबाईनेच म्हटलं, "ये रे आत, भायेरून कशी बसवशील?" त्या एका वाक्याचं मुकेशला फार अप्रूप वाटलं. निघताना त्याने कमळूला बजावलं: पेटीजवळ बिडी ओढायची नाही, काडीसुद्धा पेटवायची नाही, दसऱ्यानंतर येऊन मी बुचं आवळतो आणि कंट्रोलर लावतो. कमळूने मान डोलावली. बिडीचा बंडल त्याने त्याच वेळी ओट्यावरच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

मधे दसरा होता, आणि त्या वर्षी धर्मांतराला पन्नास वर्षं पुरी होत होती. मुकेशची आई चिमाबाई वर्षभर म्हणत होती, की नागपूरला जायचंच. तिथं धर्मांतर झालं तेव्हा ती परकर नेसणारी पोर होती आणि घरची मोठी माणसं तिला न नेता गेली होती. आता टेंपो ठरला होता, कल्याणहून पुढे गाडी. खंडेनवमीच्या सकाळी ती पांढरं लुगडं नेसून पिशवीवर बसली होती आणि मुकेश दुकानाचं शटर ओढायला गेला होता.

शेजारी महादूने कॉम्प्रेसर धुऊन ठेवला होता. वेल्डिंगचं मशीन, पाने, घण, सगळ्याला हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. महादू डोळे मिटून निरांजन ओवाळत होता. मुकेश दरवर्षी हे बघायचा. हत्यारांची पूजा त्याच्या घरात कधीच झाली नव्हती, बावीस प्रतिज्ञा त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या, त्यामुळे खंडेनवमी म्हणजे शेजारच्या दुकानात पेढा मिळतो तो दिवस, एवढंच त्याच्या डोक्यात. आज त्याचं लक्ष त्या निरांजनाच्या वातीवर गेलं आणि त्याला वाडीतली पेटी आठवली.

वाडीत आज विळे, कोयते, नांगराचा फाळ पुजणार. आणि घरात नवीन आलेली, सगळ्यात भारी वस्तू? तिला काय तशीच ठेवतील? पेटीचं झाकण उघडून सेलांना कुंकू लावतील आणि समोर दिवा ओवाळतील. दोन दिवस त्या पेटीत गॅस साठतोय. त्याने बिडीचं सांगितलं होतं, काडीचं सांगितलं होतं. देवाच्या दिव्याला आग कोण म्हणतं? कमळूला ते सुचणार नव्हतं, आणि ज्याला सुचायला हवं होतं त्याच्या घरात दिवा ओवाळत नव्हते.

त्याने कल्याणला असताना एक बॅटरी फुटलेली पाहिली होती. तिच्यावर वाकलेल्या माणसाचे डोळे त्यानंतर उघडले नव्हते.

वाडीत फोन नव्हता. टोकावड्याच्या रस्त्यावर धोंडीचा ढाबा, तिथे होता. धोंडी म्हणाला, "पाठवतो रे कुनाला तरी, तू काळजी नको करू." धोंडीचा 'पाठवतो' मुकेश ओळखून होता. तो घरी गेला.

"आये, मला टोकावड्याला जावं लागतंय. आताच."

चिमाबाईने सगळं ऐकून घेतलं. "टेंपो थांबनार नाय."

"ठाऊक हाय."

"मग जा. कुनाच्या लेकरासुनेचं तोंड जळालं, तर नागपूरला उभा राहून हात कसा जोडशील?" एवढं बोलून ती पिशवीची गाठ पुन्हा बांधायला लागली, बांधलेलीच होती तरी. मुकेशला तिच्याकडे बघवेना. त्याने मोटरसायकलला किक मारली.

किन्हवलीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे प्रत्येक ओढ्यावर लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकली धूत बसलेले, आणि रस्ताभर चिखल. मुकेश मनात हिशेब करत होता: नैवेद्य झाल्याशिवाय पूजा होत नाही. तांदूळ शिजायला हवा, पुरण वाटायला हवं. मग मनात यायचं, हिराबाईचा हात चपळ, तिने पहाटेच चूल पेटवली असेल. सरळगावला एस.टी. आडवी उभी होती, तिच्या बाजूने घालताना त्याचा गुडघा पत्र्याला घासला. टोकावड्याला धोंडी ढाब्यातून हात करून ओरडला, "अरे, पाठवायचं राह्यलंच बघ." मुकेशने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर छापता आलं नसतं.

मोटरसायकल वाडीखालच्या आंब्यापर्यंतच जाते. पुढची चढण त्याने धावत काढली. वरून घंटी ऐकू येत होती.

ओट्यावर पोरंटोरं, माजघराच्या दारात देवराम घंटी वाजवत उभा. आत पेटीचं झाकण उघडून भिंतीला टेकवलेलं. सहाही सेलांवर कुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ. रविना लहानग्याला कडेवर घेऊन पेटीला खेटून उभी होती, आणि हिराबाई दोन्ही हातांत ताट धरून ओवाळत होती. ताटात निरांजन. वात चांगली मोठी, तूप भरपूर. ताट फिरत पेटीकडे जायचं, परत यायचं.

ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ही दचकली आणि ताट सुटलं, तर थेट सेलांवर. श्वास रोखून तो देवरामच्या बाजूने आत गेला, हिराबाईच्या मागे उभा राहिला, ताट परत आलं तेव्हा हात पुढे केला आणि जळत्या वातीवर तळवा दाबला.

तुपाचा चटका बसला. घंटी थांबली.

"बाळाला भायेर घे, वैनी," तो रविनाला म्हणाला. "सगळे भायेर चला. खिडकी उघडा आधी."

ती गेली, पोरंही पांगली. त्याने पॅनलची वायर उपसली आणि दार सताड उघडलं. मागे वळला तेव्हा कमळू समोर उभा होता. त्याचा चेहरा मुकेशने असा कधी पाहिला नव्हता.

"माझ्या घरात देवाचा दिवा विझवलास तू."

"दादा, त्या पेटीत गॅस हाय. बुचं मी सैल ठेवलीत. वात लागली असती तर—"

"बिडी नको म्हनालास, बिडी ओढली नाय. दिव्याचं कुठं बोल्लास?"

"नाय बोल्लो. माझी चूक हाय."

"चूक कसली," देवराम दारातून म्हणाला. "ह्यांच्यात पूजा नाय, म्हून आपली पन नको. आत घेतलं तेवाच सांगत व्हतो मी."

मुकेशच्या जिवाला ते फार लागलं. खरं म्हणजे आता काही झालं नव्हतं, हीच त्याची अडचण होती. भडका उडाला असता तर सगळ्यांना पटलं असतं. भडका उडाला नाही, तर उरलं काय? महार वस्तीतल्या माणसाने खंडेनवमीला दुसऱ्याच्या घरात घुसून चालू आरतीत दिवा विझवला, एवढंच. हे उद्या टोकावड्यापर्यंत जाणार. आणि रागारागात हे लोक तो निघून गेल्यावर पुन्हा इथेच दिवा लावणार, याची त्याला जास्त भीती वाटली.

हिराबाई अजून ताट धरून उभी होती. तिने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा बाहेर सुनेच्या कडेवरच्या पोराकडे.

"पूजा अर्धी राह्यली," ती म्हणाली. "ती कुठं करायची, तेवढं सांग."

"अंगनात, मावशी. उघड्यावर गॅस टिकत नाय."

मग त्याने बुचं आवळली, सेल सुटे केले आणि एकेक उचलून बाहेर आणला. कोणी हात लावला नाही. सहा खेपांत त्याचा शर्ट ओला झाला, भाजलेल्या तळव्याची कातडी सेल उचलायच्या दांड्याला चिकटायला लागली. अंगणात तुळशीपासून लांब, वारा लागेल अशा जागी त्याने सेल ओळीने मांडले, आणि बरीच पावलं मागे येऊन जमिनीवर टाचेने रेघ ओढली. "दिवा ह्या रेघेच्या अलीकडं."

हिराबाईने निरांजनात नवी वात घातली. देवरामने काडेपेटी पुढे केली, मुकेशपुढेच.

"विझवलास तू. आता तूच पेटव."

काडी ओढायला कितीसा वेळ लागतो. पेटवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण एव्हाना कल्याणच्या वाटेला लागलेली आई त्याच्या डोळ्यांपुढे आली, पिशवीची गाठ आवळणारी.

"मी नाय पेटवनार," तो म्हणाला. "मला ते चालत नाय. तुमी पेटवा. आनि मी खोटं बोललो असं वाटत असेल, तर बघा, मी बसतो तिथं. काय उडालं तर आधी माझ्या तोंडावर उडेल."

तो गेला आणि सेलांच्या ओळीकडे पाठ न करता, तोंड त्यांच्याकडेच करून, मांडी घालून बसला. उघड्यावर, बुचं आवळल्यावर धोका फारसा नाही हे त्याला ठाऊक होतं. फारसा नाही म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, हेही त्याच्याएवढं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने डोळे मिटले.

मग कमळूने देवरामच्या हातातली काडेपेटी घेतली, हिराबाईच्या हातातलं ताट घेतलं आणि रेघेपाशी आला. तिथे थांबला. परत फिरला, आणि अंगण संपून गोठ्याचा कूड लागतो तिथपर्यंत ताट घेऊन गेला. मुकेशने टाचेने ओढलेली रेघ मागे बरीच लांब राहिली. तिथे सेलांकडे पाठ करून, वाऱ्याला आडवा हात धरून, कमळूने वात पेटवली.