शेवटच्या ठिपक्याच्या पुढे

लिहिणे हे माझे काम नाही, हे आधीच कबूल करतो. नोकरीत आयुष्यभर लिहिले ते जबाब आणि पंचनामे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही निवृत्तीनंतर. वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात कामगार होते. त्यांना सहीपुरती अक्षरे येत. वर्गात बाईंनी अनुभवातले काही लिहून आणायला सांगितले, म्हणून धाडस करतो. चुकले तर माफ करावे. लिहायचे म्हटल्यावर मात्र एकच प्रकरण समोर आले. माझी चूक त्यात आहे, म्हणूनही असेल.

तेव्हा मी हडपसर भागातल्या एका ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होतो. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, हजेरी नुकतीच आटोपली होती, तेव्हा एक तिशीतली बाई सासऱ्यांबरोबर आली. नवरा हिंजवडीला संगणक कंपनीत. सुट्टीत मोटारसायकलवर एकटाच लांब फिरायचा छंद. शनिवारी सकाळी कोकणात जातो म्हणून निघाला, रविवारी यायचा होता, आला नाही. फोन बंद.

मी बेपत्ता व्यक्तीची नोंद घ्यायला लागलो. गाडीचा नंबर, रंग, अंगावरचे कपडे. गाडीवर आणखी काही सामान होते का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांच्या गाडीवर एक..." सासऱ्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "एक बॅग आहे. काळी."

मी लिहिले, काळी बॅग.

सासरे निवृत्त कारकून, बोलणे तोडून टाकणारे. जाताना म्हणाले, "रजिस्टरात लिहून माणूस सापडत असता, तर आम्ही कालच आलो असतो."

फोनचा शेवटचा टॉवर भोरचा निघाला. तिथून रस्ते फुटतात. नेमका कोणता धरला ते कळेना. आम्ही दवाखान्यांत फोन लावत बसलो. दुपारी ठाण्याच्या फोनवर एक माणूस बोलला. नाव सांगितले नाही. तो त्या इंजिनिअरबरोबर कधीकधी फिरायला जात असावा. एवढेच म्हणाला, "साहेब, गाडीवरच्या यंत्राचं विचारा. ते उपग्रहाशी बोलतं. घरच्यांना फोनवर ठिपका दिसतो."

अशी यंत्रे आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर लोक पकडले गेल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. ते घर गप्प का होते, ते लगेच उमगले.

मी गणवेश काढून साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. सासऱ्यांनी पाणी दिले आणि यंत्राचे नाव काढताच म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नाही." पण खाली गाडीच्या रिकाम्या जागेजवळ मी वायरचे तुकडे आणि एक जळालेला फ्यूज पाहिला होता. मी त्यांच्याकडे न बघता सुनेला विचारले, "ताई, सकाळी तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं. ते पुरं करता का?"

बाई रडल्या नाहीत. आत जाऊन फोन घेऊन आल्या. नकाशावर ठिपक्यांची रांग भोरवरून घाटाच्या दिशेने जाऊन शनिवारी पावणेअकराला थांबली होती. सासऱ्यांनीच सांगितले, की रविवारी ते दोघे भाड्याची गाडी करून त्या जागी जाऊन आले. तिथे चहाची टपरी होती. टपरीवाला म्हणाला, चहा घेऊन गेले. दोघे तिथूनच परतले. "यंत्र तुम्हाला दाखवलं असतं तर काय झालं असतं? पोरगा सापडायच्या आधी त्याच्यावर गुन्हा. नोकरी गेली असती."

मी विचारले, "यंत्राची बॅटरी संपली असेल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. आधी तो ते पॉवर बँकवर चालवायचा. खड्ड्यांत पिन निसटायची. मग मेकॅनिककडून थेट गाडीच्या बॅटरीला जोडून घेतले, तर पार्किंगमध्ये रात्रभर चालू राहून गाडीचीच बॅटरी उतरली. शेवटी किल्ली फिरवली की चालू होणाऱ्या वायरला फ्यूज लावून जोडले. हँडलवर, आकाश दिसेल असे. चावी चालू तोवर ठिपका पडणारच.

"मग थांबला कसा?"

त्या जरा घुटमळल्या. "पुढे पोलीस आहेत असं कुणाकडून कळलं की ते वायर काढून यंत्र बाजूच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. रेनकोटखाली."

पत्र्याच्या पेटीतून उपग्रहापर्यंत काय पोचणार! मी ग्रामीण पोलिसांतल्या ओळखीच्या हवालदाराला फोन लावला. त्या टपरीच्या पुढे तीन किलोमीटरवर त्यांचा नाका होता. दरडी पडतात म्हणून घाटात जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर तिथे लिहून ठेवायची पद्धत. त्याने पाने उलटली. "आहे साहेब. शनिवार, अकराला पाच कमी. पलीकडच्या नाक्याला विचारतो, थांबा." पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. पलीकडे नोंद नव्हती.

म्हणजे माणूस दोन नाक्यांच्या मध्ये होता. घरच्यांनी शोध जिथे थांबवला, तिथून पुढे.

सोमवारी उजेड असतानाच तो सापडला. वळणावर गाडी घसरून खाली गेली होती. तो वर करवंदीच्या जाळीत अडकला होता. पाय चेंगरलेला, शुद्ध होती. घाटात फोनला रेंज नव्हती. यंत्रावर मदत मागायचे बटण असते. ते यंत्र वीस फूट खाली, कुलूप लावलेल्या पेटीत होते. नाका ओलांडल्यावर लगेच बाहेर काढायचे राहून गेले, घाट संपला की लावू असे वाटले, असे त्याने जबाबात सांगितले.

यंत्र पंचनाम्यात लिहावेच लागले. जप्त झाले, कोर्टाच्या तारखा लागल्या. नोकरी राहिली. डावे पाऊल मात्र काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणले असते तर कदाचित वाचले असते. सकाळी ती दोघे माझ्या टेबलासमोर बसली होती. सासऱ्यांचा हात मला दिसला होता. तरी मी 'काळी बॅग' लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेलो. माणसाला मध्येच थांबवले गेले, तर थांबवणाऱ्याचे नव्हे, थांबलेल्याचे ऐकावे, हे मला तिथे कळले. आणि हेही, की जीव वाचवायला घेतलेली वस्तू तो माणूस आम्हाला घाबरून लपवत होता. त्यात सगळी चूक त्याचीच होती, असे आज म्हणवत नाही.

पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. त्या घराचे काही कळले नाही. विचारायचा धीरही झाला नाही. मागच्या महिन्यात कॉलेजातून बाहेर पडताना फोन आला. त्याच बाई होत्या. कोर्टाचे मिटले होते. नवरा कृत्रिम पाऊल लावून पुन्हा गाडी चालवू लागला होता. यंत्र नाही.

"मग घाटात काय करतात?" मी विचारले.

"प्रत्येक नाक्यावर स्वतःहून थांबतात," त्या म्हणाल्या. "सांगतात, माझा नंबर लिहून घ्या. संध्याकाळपर्यंत परत आलो नाही, तर शोधायला या."