शंभर पानांचं माप

वनजा माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा बन्नूरच्या बसमधून एक ट्रंक आणि काकवीचा डबा घेऊन उतरली. शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नडमधून. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, सरकारी कचेरीत हिशेब तपासणारी थोरली सून. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिच्या हातचं सारू, म्हणजे इथलं सार, वाटीला तोंड लावून संपवलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण काय पीत होतो गं?"

इतकी वर्षं सारू मी करत होते.

तेव्हा सुरू झालेला हेवा अजून संपलेला नाही. आमचे हे गेले, वनजाचे मल्हारराव थकले, दोघींचे केस पांढरे झाले, तरी नाही.

मल्हाररावांची गिरणी बंद पडली त्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात आचारी भांडून निघून गेला. वऱ्हाड दारात. वनजानं पदर खोचला आणि चुलीपुढं उभी राहिली. तेव्हापासून ती लग्नाची जेवणं घेऊ लागली. आता हाताखाली बायका आहेत, स्वतःची पातेली आहेत, सोन्याच्या बांगड्या आहेत, आणि आवाज असा की मंगलाष्टकं मागं पडतात. "वरमाय असशील तुझ्या घरची, मीठ मी घालणार!" असं ती खरोखर एका वरमाईला म्हणाली होती. त्या वरमाईनं धाकट्या मुलाच्या लग्नालाही तिलाच बोलावलं. मी असं बोलले असते तर आमच्या दारात पुन्हा कुणी पाऊल टाकलं नसतं.

माझी नात तुंगा मला आजी म्हणते आणि वनजाला चिक्कज्जी, म्हणजे धाकटी आजी. "आजी" म्हणताना ती पुस्तकातून मान वर करते. "चिक्कज्जी" म्हणताना ती धावत असते.

पी.यू.सी., म्हणजे बारावी, झाल्यावर तुंगानं बेंगळुरूच्या एका पाककलेच्या कॉलेजचं माहितीपत्रक माझ्यापुढं ठेवलं. तीन वर्षं, वसतिगृह धरून नऊ लाख. माझा मुलगा सदाशिव कडकोळच्या कारखान्यात आहे; त्याच्याकडं एवढे पैसे नव्हते. ह्यांनी माझ्या नावावर जी ठेव ठेवली होती, ती मोडूनच फी भरावी लागणार होती.

"आई, हिशेब तू बघ," सदाशिव म्हणाला. "तू म्हणशील ते."

मी बघितला. माहितीपत्रकात सरासरी पगार छत्तीस हजार छापला होता. मी कॉलेजला फोन करून विचारलं, ही सरासरी कुणाची?

"ज्यांना आम्ही नोकरी लावली त्यांची, मॅडम."

"आणि ज्यांना लागली नाही, ज्यांनी सोडली, त्यांचं काय?"

"त्यांना पगारच नाही ना, मॅडम. मग सरासरीत कसं घेणार?"

त्याच कॉलेजातून बाहेर पडलेली वेदवती नावाची मुलगी इथल्या एका मोठ्या हॉटेलात आहे असं कळलं. तिला जाऊन भेटले. नोकरीचं तिसरं वर्ष, पगार एकोणीस हजार, उभं राहून राहून पाय सुजलेले. "आजी, पहिले चार महिने मी नुसते कांदे चिरले," ती हसत म्हणाली. "आता सॉस ढवळते. जहाजावर घेतलं तर मात्र पगार तिप्पट."

"घेतील?"

"बघायचं."

अशा पगारात खाऊनपिऊन नऊ लाख भरून निघायला पोरीची तिशी उलटली असती. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू वनजाकडं होती, आणि तिच्या घरी जाऊन तिची कमाई विचारणं मला फार जड गेलं.

"अक्का, तुम्ही माझी कमाई विचारताय? थांबा, ह्यांना उठवते. त्यांनाही ऐकू दे!"

"वनजा, नीट सांग."

"सांगते की. लग्नाच्या महिन्यांत सगळ्यांची मजुरी देऊन साठ हजार राहतात."

"आणि आषाढात? लग्नं नसतात तेव्हा?"

"आषाढात भिंतीकडं बघत बसायचं. पण भिंत माझी आहे, अक्का. भाड्याची नाही." मग पुढं वाकून म्हणाली, "तुंगाला माझ्याकडं द्या. फी बी काही नको. उलट मीच तिच्या हातावर काहीतरी ठेवीन."

घरी येऊन मी दोन्ही बाजू मांडल्या. भिंतीकडं बघायचे महिने वजा केले, तरी वनजाचीच बाजू जड होत होती. आकडे कुणाच्या बाजूचे नसतात, असं मी कचेरीत नव्या मुलांना सांगत असे. ह्या वेळी ते वनजाच्या बाजूचे होते. नात माझी, तिनं वनजाचा डाव हातात घेऊन वनजाची म्हणून ओळखलं जावं, हे मला सोसणार नव्हतं. सदाशिवाला म्हणाले, "अजून बघतेय." फी भरायची मुदत कांदेनवमीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

आमच्या घरात आषाढातल्या ह्या नवमीनंतर कांदा आणि वांगं दाराच्या आत येत नाही, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. म्हणून नवमीला दोन्ही पोटभर खायचं आणि रात्रीपर्यंत घरात एक फोडही उरू द्यायची नाही. त्या दिवशी वनजा आणि मल्हारराव आमच्याकडं जेवायला येतात. स्वयंपाक थोरल्या घरचा. वनजानं खुर्चीवर बसायचं, डावाला हात लावायचा नाही. वर्षातला हा एक दिवस मला आवडतो.

ह्या वर्षी तुंगा म्हणाली, "आजी, वांगीबात मी करणार." देवराज मार्केटमधून हिरवी वांगीही तिनंच आणली. मी देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात आले आणि दारातच थांबले. घरातली सगळी मोठी पातेली काठोकाठ भरली होती. परात भरली होती. कुकरसुद्धा भरला होता. जेवायला आम्ही सहा माणसं.

"अगं, हे काय केलंस?"

तुंगा रडवेली झाली. "मला थोडं करताच येईना, आजी. मसाल्याचं माप मला शंभर पानांचंच येतं. कमी करायला गेले, चव बिघडली. म्हणून परत वाढवत गेले."

"शंभर पानांचं माप तुला कुणी शिकवलं?"

तिनं वनजाकडं पाहिलं. आधीच येऊन खुर्चीत बसलेली वनजा हातातल्या बांगड्या मोजू लागली, तेव्हा मी समजले. एप्रिल-मे महिन्यांत तुंगा रोज कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. तो क्लास वनजाच्या चुलीपुढं भरत होता.

पण रागवायला वेळ नव्हता. सगळं वांगं आजच घराबाहेर जायला हवं होतं. सदाशिव स्कूटरला डबे लावून नजरबादेतल्या ओळखीच्या घरांकडं निघाला, सून वरच्या गल्लीत गेली, तुंगा आणि मी खालच्या. शेजारच्या कमलाक्षीनं दारातच एक घास तोंडात टाकला.

"अय्यो, वनजाबाईंच्या हातचा!"

"माझ्या नातीनं केलाय," मी म्हणाले.

"हौदा? खरंच? मग नात त्यांच्यावर गेली म्हणा की!"

पुढच्या दारांतही थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. तुंगाचे डोळे प्रत्येक दारात जास्त चमकत होते, आणि माझ्या हातातला डबा हलका होत असूनही मला जड लागत होता.

परत आलो तेव्हा पातेली रिकामी झाली होती. सदाशिवानं विचारलं, "आई, उद्या शेवटचा दिवस. काय ठरवलंस?"

"कॉलेजात घाल," मी म्हणाले.

"पण हिशेब?"

"आजी, मला चिक्कज्जीकडंच राहायचंय," तुंगा मध्येच बोलली. "मी तिला सांगितलंय."

आता वनजा जिंकल्यासारखी हसेल म्हणून मी तिच्याकडं पाहिलं. ती हसली नाही.

"जायचं कॉलेजात," ती तुंगाला म्हणाली. "सहा माणसांचा भात येत नाही तुला. मलाही येत नाही. घरी आम्ही दोघं, रोज उरतं, रोज ह्यांची बोलणी खाते. माझ्याकडं राहिलीस तर शंभर पानांतच राहशील."

"मला चालेल."

"मला नाही चालत! मी अजून मागच्या दारानं आत जाते, कळलं? पंगती उठल्या, भांडी घासून झाली की उभ्यानं दोन घास खायचे. अक्कांनी सांगितली ती वेदवती, ती एकोणीस हजार मिळवते, पण पांढरा कोट घालून पुढच्या दारानं आत जाते. मला हेवा वाटतो तिचा."

वनजाला कुणाचा हेवा वाटत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आपला फायदा डोळ्यांसमोर असताना तिनं पोरीला हातातून सोडलं होतं. मीही सोडत होते, पण कशासाठी ते मला ठाऊक होतं. ह्यातही ती माझ्या पुढं गेली.

"वसतिगृहाचे पैसे मी देते, अक्का."

"काही गरज नाही. माझ्या नातीचे पैसे मी भरीन."

"निम्मे तरी..."

"साकु, वनजा. पुरे."

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी मी दारात उभी होते. मुदतीआधी ठेव मोडल्यानं व्याज बुडालं. हिशेब मी बदलला नाही. तो तोट्याचाच आहे.

चंपाषष्ठीला तुंगा सुट्टी घेऊन आली. केस बारीक कापलेले, बोटाला पट्टी. आल्या आल्या तिनं वांगीबात केला, एका पातेल्यात, बरोबर सहा माणसांचा. भात मोकळा होता, वांग्याची फोड अखंड होती. जवळजवळ पाच महिन्यांनी वांगं खात होते. मी दोनदा मागून घेतला.

तुंगानं जेवायच्या आधी दोन माणसांचं बाजूला काढून ठेवलं होतं. आमचे हात धुऊन होतात तोवर तिनं चपला घातल्या.

"आजी, डबा दे ना. चिक्कज्जीला दाखवून येते, मापात आला म्हणून."

मी फळीवरून डबा काढून दिला. लहानातला.