चकतीताई आणि काळे ठिपके

हवा कोरडी ठाक होती. रात्रीपासून वारा सुटलेला, स्वेटर काढला तरी चटचट आवाज येत होता. अशा दिवशी चकत्या फार नखरे करतात. पाण्यावर तरंगायचं सोडून सुरीलाच चिकटून बसतात. म्हणून चकतीताईंनी आल्या आल्या खिडकी लावून घेतली, कापायच्या यंत्राशेजारच्या खुर्चीवर ओला टॉवेल पसरला आणि मगच हात पुसून त्या कामाला बसल्या.

हे नाव त्यांना संस्थेतल्या मुलांनी दिलेलं. मेंढीच्या आतड्यातला पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा लांबलचक जंत, त्याचा तांदळाएवढा तुकडा राळेत बुडवून, भट्टीत घट्ट करून त्यांच्याकडे यायचा. काचेच्या सुरीनं त्या त्याच्या चकत्या काढायच्या. केसाच्या जाडीत हजार बसतील इतक्या पातळ. पाण्यावर चकती जांभळी दिसली तर जाड, सोनेरी दिसली तर बरी, चांदीसारखी दिसली तर झकास. मग काडीच्या टोकाला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं ती हळूच ढकलायची आणि तांब्याच्या चिमुकल्या जाळीवर उचलून घ्यायची. केस ताईंच्या आईचा. "माझ्या पापण्या म्हणजे झडलेला झाडू," त्या म्हणायच्या, "आमच्या आईच्या बघा, ऐंशी गाठली तरी गाईसारख्या."

बाविसाव्या वर्षी त्या इथं बाटल्या धुवायला लागल्या होत्या. तेव्हाचा चकत्या कापणारा म्हातारा भारी खडूस. एका दुपारी जेवताना ताईंनी उकडलेल्या अंड्याचा आतला पापुद्रा न फाटता अख्खाच्या अख्खा सोलून काढला, ते त्यानं पाहिलं. जाताना म्हणाला, "उद्यापासून इकडं बस. आणि बसशील तेव्हा तोंड बंद." तेवढ्यावर सव्वीस वर्षं निघाली.

कापता कापता साडेदहा वाजले आणि दारातून भिंगरी आली. ही संशोधन करणारी मुलगी. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव. तीन वर्षं ती या जंताच्या कातडीमागं लागली होती. जंताला ना तोंड, ना पोट. अन्न शोषायचं ते कातडीतूनच. मग त्या कातडीखालच्या पेशी करतात काय, हा तिचा प्रश्न. तीन वर्षांत हाती धड काही लागलं नव्हतं. घरी वडील दर रविवारी विचारायचे, "किती दिवस जंत बघणार आहेस?"

"ताई, सोडा ते! हे बघा, हे बघा आधी!" तिनं मोठे छापलेले फोटो टेबलावर पसरले. राखाडी पेशी, आणि त्यांच्यात विखुरलेले गोल, काळे कुळकुळीत ठिपके. "हे कुणीच दाखवलेलं नाही अजून. जंत इथं काहीतरी साठवतोय. सर तीनला बसणार आहेत माझ्याबरोबर. आवडले तर आजच परिषदेला पाठवायचे."

"अगं, जरा श्वास घे."

"नंतर घेते! काल बाबांना फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, बरं आहे. ताई, बाबा 'बरं आहे' म्हणाले!"

ताईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. फोटो छान होते. चकती त्यांचीच, एक सुरकुती नाही. त्यांचं बोट कौतुकानं कातडीवरच्या बारीक केसांवरून फिरत कडेला गेलं आणि तिथंच थांबलं.

जंताच्या अंगाबाहेर, नुसती राळ होती तिथं, एक काळा ठिपका होता. मग दुसरा. तसाच गोल, तसाच काळा. जंत साठवणार तर स्वतःच्या अंगात. अंगाबाहेर कशाला?

ताईंनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा पाहिलं.

"काय झालं? नाही आवडले?"

"आवडले गं. ठेव इथं. डोळे भरून बघू दे."

भिंगरी गेली, तिची चप्पल जिन्यात वाजत राहिली. ताईंनी नोंदवही उघडली. जाळी क्रमांक चार, रंगवली मंगळवारी. आणि मंगळवार त्यांना लख्ख आठवला.

चकतीला शिशाच्या द्रावणाचा एक थेंब देऊन रंग चढवतात. त्या थेंबाला माणसाचा श्वास चालत नाही. श्वास लागला की शिशाचे काळे गोल कण होतात आणि चकतीवर बसतात. म्हणून मास्क लावायचा, तोंड दुसरीकडं करायचं, बोलायचं नाही. मंगळवारी आईचा फोन आला होता. चारच दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढलेला.

"अगं, औषधाच्या बाटल्या दोन आहेत. लाल टोपणाची घालू की निळ्या?"

मास्कमधून बोललेलं आईला जन्मात ऐकू यायचं नाही. आणि लाल टोपणाचं औषध कानाचं. ताईंनी मास्क खाली ओढला होता, जाळी थेंबावर ठेवलेली तशीच, आणि ओरडल्या होत्या, "निळ्या! निळ्या गं आई! नि-ळ्या!"

"काय? गिळू या?"

असं तीनदा.

चुकलं कुणाचं, ते आता चांदीसारखं स्वच्छ होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? सरांची नजर आता बारकी राहिली नव्हती. पण परिषदेत कुणीतरी उभं राहणारच, बोट दाखवणार, "मुली, हे कडेला काय आहे?" आणि तेव्हा ही पोरगी एकटी असणार, चारशे माणसांसमोर. पण सांगायचं म्हणजे आज, आत्ता, 'बरं आहे' हातात घेऊन नाचणाऱ्या पोरीला. ताईंनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, मिटला.

मग फोन बंद करून खणात टाकला. त्याच तुकड्याच्या, त्याच दिवशी कापलेल्या चकत्यांच्या दोन जाळ्या डबीत न रंगवता पडल्या होत्या. मास्क घट्ट बांधला, थेंब टाकला, जाळी ठेवली आणि मान वळवून भिंतीकडं बघत बसल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात जाळी धुताना त्यांनी इतका श्वास कोंडला की कानात भुणभुण झाली.

पावणेदोनला त्यांनी भिंगरीला सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बोलावून घेतलं. हिरवट पडद्यावर कातडी आली, खालच्या पेशी आल्या. स्वच्छ.

"ही कुठली जाळी?" भिंगरी पुढं वाकली. "ठिपके कुठं गेले?"

"कुठं जातायत? नव्हतेच ते."

"म्हणजे?"

ताईंनी सगळं सांगितलं. लाल टोपण, निळं टोपण, गिळू या. सांगताना हसू यावं असं होतं, पण कुणी हसलं नाही.

"मी बाबांना सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

"मला माहीत आहे."

"तुमच्यासारख्या बाईनं... सव्वीस वर्षं करताय तुम्ही हे!" ती उठली, अंधारात स्टुलाला अडखळली, आणि पुन्हा बसली. मग तिनं नाक ओढलं. "तुम्ही नुसतं गप्प बसला असता तर?"

"तर तू महिनाभर खुशीत राहिली असतीस. चल, सरांकडं मी येते. माझी चूक मी सांगते."

"नको. कडेचा ठिपका मला दिसायला हवा होता. फोटो माझे आहेत." मग जरा थांबून, "पण दाराशी उभ्या राहा."

ताई दाराशी उभ्या राहिल्या. आतून सरांचा आवाज आला. दार उघडून भिंगरी बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण मान वर.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाहेरच्यांनी पकडायच्या आधी आपण पकडलं. परिषद यंदा नाही." तिनं बाहीनं डोळे पुसले. "ताई, त्या स्वच्छ फोटोत पेशीपासून कातडीपर्यंत बारीक नळ्या गेल्यात, पाहिल्यात? ठिपक्यांच्या नादात मी त्या बघितल्याच नव्हत्या. तशा सगळ्यांना माहीत आहेत त्या. पण नीट बघायच्यात. आणखी किती जाळ्या देऊ शकाल?"

"सांगशील तेवढ्या."

"बाबांना काय सांगू?"

"रविवार आहे अजून लांब." ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विस्कटलेले केस कानामागं सारले. "सुटीत ये आमच्या घरी, आई भेटेल. ती तुला ऑपरेशनचा डोळा दाखवेल. येईल त्याला दाखवते."

भिंगरीला हसू आलं, ते रडक्या तोंडातून भलतंच वाकडं निघालं.

"आणि आजीला बाटल्या तरी बरोबर कळल्या का?"

"कळल्या. तिसऱ्यांदा म्हणाली, मला ऐकू येतं, ओरडू नकोस."

ताई खोलीत आल्या. नोंदवहीत चौथ्या जाळीसमोर त्यांनी लिहिलं, 'रंगवताना बोलले. जाळी बाद,' आणि खाली सही केली. दुपारी रंगवायला घेतलेल्या काचेच्या बशा तशाच पडल्या होत्या. त्यांनी बाह्या वर सारल्या, नळ सोडला आणि पहिली बशी पाण्याखाली धरली.