साहेब आले तेवढा वेळ नितळलेलं पाणी

आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव, भगत, अंगारा सगळं बंद. कोणी असल्या गोष्टी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. आज मीच सांगून राहिलो आहे... हसा खुशाल.

मी कुडव्याला राहतो. नोकरी तिरोड्याकडच्या एका गिट्टीच्या खदानीत. गाव सांगत नाही — पोट अजून तिथंच भरतं. माझं काम पाणी आणि गाळ. पावसात मातीच्या ढिगाऱ्यांवरून उतरणारं लाल पाणी नालीनं दोन मोठ्या खड्ड्यांत आणायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी बाहेर सोडायचं. पण दोन्ही खड्डे गाळानं काठोकाठ भरलेले! मग लाल पाणी जसंच्या तसं खालच्या बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तलावात.

त्या बोडीत फुलाकाकू मासे पाळते. ढिवराची, एकटी बाई, माझ्या आईच्या वयाची. सोडलेली माशांची पिल्लं गाळात गुदमरून मरत होती. यंदाचीही गेली तर बोडी सोडून लेकीच्या दारात जाऊन राहणं आलं. मॅनेजरला किती वेळा म्हटलं, पोकलेन लावा, खड्डे उपसा. उत्तर एकच — "बारिश के बाद देखेंगे." अरे, बारिश गेल्यावर काय धूळ उपसणार?

शेवटी गावानं तक्रार केली. तपासणीला साहेब येणार म्हणून कळलं आणि मी मनातून खूश झालो. घाण पाणी डोळ्यांनी बघतील, खड्डे उपसायला लावतील. आदल्या दिवशी काकूला सांगायला गेलो, तर ती बोडीच्या पाळीवरून नारळाची वाटी घेऊन येत होती. पिल्लं सोडताना तिथल्या शेंदराच्या दगडापुढं, त्यांच्या मायपुढं, नारळ फोडायची त्यांची रीत आहे.

"आज काऊन फोडला, काकू?"

"सायबं येऊन राहिले ना बापू! मायले म्हटलं, ते येतीन तवा पानी साफ दिसू दे. पाहुन्यायले अशी घान बोडी दाखवाची? लाज नाही वाटत?"

मी कपाळाला हात लावला. "काकू, घाणच तर दाखवायची आहे!"

"असं का?" म्हणाली. मग दोघंही हसलो. दगडाचं मी कशाला मनावर घेऊ!

सकाळी पाऊस होता. बोडीत उतरणाऱ्या नालीच्या तोंडाशी मी स्वतः हात बुडवून पाहिला, बोटं दिसत नव्हती. फाटकावरून साहेबांना घेऊन परत आलो तर... पाणी नितळ. तळाचे खडे मोजावेत असं. जमलेले गावकरी वाकून वाकून बघत होते. मी म्हटलं, साहेब, वर खड्ड्यांपर्यंत चला. त्यांनी चिखल पाहिला, आपले बूट पाहिले. "बाहर का पानी साफ है, और क्या देखना?" त्याच पाण्यात हात धुतले आणि निघाले. जीप वळणाआड गेली नाही तोच पाणी पुन्हा लाल. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मॅनेजरनं पाठ थोपटली. "क्या डाला रे? फिटकरी?" तुरटी म्हणे! वाहत्या पाण्यात ट्रकभर ओतली तरी असं होत नाही. गावालाही तेच वाटतं. ज्यांच्यासाठी भांडलो ते आता माझी गाडी दिसली की तोंड फिरवतात. "कितीत विकला गेला बे?" असं एकानं भर चौकात विचारलं. लय लागलं ते.

खड्डे तसेच आहेत. पिल्लं मेली. काकू आता बिछाना-भांडी बांधून राहिली आहे. मी काही टाकलं नाही, असं गावात ती एकटीच म्हणते.

"तू नाही केला बापू. मीच मांगतलं."

रडते, कपाळ बडवते. मी समजावतो — काकू, दगड कोणाचं ऐकत नसतो, तुझी काही चूक नाही. ती डोळे पुसते आणि विचारते, "मंग पानी कोनं साफ केलं?"

मी तिच्यासोबत भांडी बांधू लागतो. मला एक कारण सापडलं असतं ना, कसलंही, तर तिच्या जीवावरचं ओझं तरी उतरलं असतं.