एकदा वाजव, म्हणजे हो

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी शोधून काढायला नको. एक बाई बंद खोलीत मरत होती आणि मी दाराबाहेर फतकल मारून तिला विचारत होते, "आज भाजी काय केली वं?"

हो. भाजी.

तेव्हा मी तरुण होते. साठीच्या आत, म्हणजे तरुणच की! बत्तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून इंजेक्शनं टोचून नुकतीच रिटायर झालेले, आणि आपल्याला माणसं कळतात असा मोठा गैरसमज. आता अडुसष्टची आहे. गैरसमज गेला, सोबत गुडघेही गेले.

या पानावरचे तुमचे सगळ्यांचे अनुभव मी वाचते, आणि खरं सांगते, निम्म्यांवर हसते. रागावू नका. आमच्या घरात भूत या प्राण्याला प्रवेशच नव्हता. माझे बाबा छपन्न साली इथेच नागपुरात दीक्षा घेतलेले. लहानपणी मी एकदा चिंचेच्या झाडाला घाबरले, तर त्यांनी मला त्याच झाडाखाली बसवलं. म्हणाले, "भूत आलं तं त्याले सतराचा पाढा इचार. नाही आला तं हाकलून दे." भूत आलं नाही. मलाही पाढा येत नव्हता, त्यामुळे बरंच झालं. तेव्हापासून मी या गोष्टी मानत नाही... म्हणजे आजही मानत नाही. फक्त ही एक गोष्ट कुठे ठेवावी ते कळत नाही, म्हणून इथे आणून ठेवते आहे.

रिटायर झाल्यावर मी एका संस्थेत जायला लागले. काम असं — कोणाच्या घरात कोणाचं मन एकदम बिघडलं, कोणी दार लावून बसलं, कोणी जीव देतो म्हणालं, की घरचे आमच्या नंबरवर फोन करायचे आणि आम्ही दोघी जणी घरी जायचो. मांत्रिक पोचायच्या आत पोचायचं, हे आमचं ध्येय. ट्रेनिंगमध्ये नियम शिकवले होते. एकीनं बोलायचं, दुसरीनं घड्याळ पाहून प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. समोरच्या माणसापेक्षा खाली बसायचं. आणि सगळ्यात मोठा नियम — जीव द्यायचं मनात आहे का, काही करून घेतलं का, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारायचं. सरळ. त्याच शब्दांत. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हे आम्हाला तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा मान डोलावली होती.

माझी जोडीदार सुषमा. माझ्या मुलीच्या वयाची, पण या कामात मला सिनियर. वही तिच्याकडे.

मे महिना होता. दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला, नंदनवनच्या मागच्या वस्तीतून. आम्ही स्कूटीवर पोचलो तर दारातच एक म्हातारी उभी, पदर डोक्यावर, तोंड उन्हानं लाल.

"जयभीम ताई, या. सकाळपासून दरवाजा लावून बसली हाय. आवाज देऊन देऊन माहा गळा बसला."

बसलेली कोण, तर तिची सून, रंजना. चौतीस-पस्तिशीची. ब्लाऊज शिवायची. हिवाळ्यात तिचं सात महिन्यांचं पोट पडलं, तेव्हापासून तिचं बोलणंच कमी झालेलं. डॉक्टर सुरू होते, गोळ्याही सुरू होत्या. नवरा गाडी चालवायचा. तो लग्नाची मंडळी घेऊन कुहीला गेलेला, फोन लागत नव्हता.

अंगणाच्या कडेला तिची खोली. एक दार, एक खिडकी, आणि खिडकीत कूलर बसवलेला, म्हणजे आत डोकावायची सोय नाही. लाइट गेलेली. त्यामुळे कूलर बंद, आजूबाजूचे पंखे बंद, सगळी गल्ली चिडीचूप. हे लक्षात ठेवा.

शेजारचा विनोद, वेल्डिंगचं काम करणारा, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तयारच होता.

"मावशी, एक हाणतो अन् दरवाजा खाली."

"थांब गा," मी म्हटलं. "दार तोडून मन उघडत नाही."

हे वाक्य ट्रेनिंगमधलं नव्हतं बरं का. माझं स्वतःचं होतं. आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

मी दाराशी खाली बसले, कान दाराला लावून. म्हटलं, "रंजना, मी दवाखान्यातली मावशी हाय. बोलायचं नसंल तं नको बोलू. हो असंल तं एकदा वाजव, नाही असंल तं दोनदा."

 मग माझ्या कानाजवळच, दाराच्या आतून —

टक्.

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. विनोदनं सब्बल खाली केली. आणि मी? मी अशी फुगले की विचारू नका. पहिल्याच प्रश्नाला उत्तर!

"मी इथं बसली तं चालंल?" टक्.

"रात्री झोप लागली का?" टक् टक्.

"जेवली का?" टक् टक्.

सासूबाई मागून म्हणाल्या, "ताई, जेवाले काय इचारता? ती का पंगतीले बसली?"

"तुम्ही थांबा हो जरा. रंजना, पाणी पेली का बेटा?"

टक्.

"बघा, पाणी पेली!" मी वळून सासूबाईंना सांगितलं, जसं काही मीच पाजलं. आणि त्याच भरात तो भाजीचा प्रश्न विचारला. त्यावर काहीच वाजलं नाही. आता याला हो काय वाजवणार आणि नाही काय वाजवणार! पण मी आपली पुढे... ब्लाऊज शिवते का, माहेर इथलंच का, नरखेडकडचं का. टक्. टक् टक्. टक्.

सुषमानं वही माझ्या डोळ्यांसमोर धरली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं — प्रश्न! खाली तीन रेघा.

मला कळत होतं हो. पण सासू पाठीशी उभी, शेजारी उभा, कुंपणावरून आणखी दोन बायका वाकलेल्या. त्यांच्यादेखत सुनेला "तुला मरायचंय का" असं कसं विचारायचं? घराची इज्जत काय राहील? बत्तीस वर्षं मी अनोळखी पुरुषांना शौचाला साफ होते का म्हणून भर वॉर्डात विचारलं. आणि हा एक शब्द मी टाळत बसले. वीस मिनिटं. वहीत वेळ आहे — बारा अडतीसला पहिली टकटक, बारा अठ्ठावन्नला सुषमानं मला दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात.

तेव्हा विचारलं. "रंजना, जीव द्यायचं मनात हाय का?"

टक्.

"काही घेतलं का?"

टक्.

"पाण्यासोबत घेतलं?"

टक्.

 मघाशी मी ज्या पाण्याची शाबासकी घेतली, ते पाणी हे होतं.

"दार तोडू का—"

माझा शब्द पुरा व्हायच्या आत, टक्! इतकं जोरात की सासूबाई दोन पावलं मागे सरल्या आणि माझा कान झणझणला.

सुषमा तोवर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावत होती. विनोदनं दोन घावात कडी उखडली. पण दार चार बोटं उघडून अडलं. आतून काहीतरी जड लावलेलं. तिघांनी मिळून रेटलं तेव्हा कळलं, तिची शिलाई मशीन. जुनी, पायानं चालवायची, लोखंडी स्टँडची. दाराला अगदी चिकटवून ठेवलेली.

रंजना समोरच्या भिंतीजवळ पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. दारापासून दहा-बारा फूट. पलंगाखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एक पेला. श्वास चालू होता, पण कसा, ते मी सिस्टर असल्यानं मला कळलं. हलवलं, चिमटे काढले... काही नाही. खोलीत दुसरं कोणी नाही. दुसरं दार नाही. मांजरसुद्धा नाही. मी वाकून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बेशुद्ध कधीपासून?"

"आत्ता पंधरा-वीस मिनिटं," मी म्हटलं. "तोपर्यंत उत्तरं देत होती."

"शक्य नाही. हिला निदान तासभर तरी शुद्ध नाही."

"अहो, वहीत आहे!"

त्यांनी वही पाहिली. मग मला पाहिलं. म्हणाले, "सिस्टर, उन्हात फिरता, पाणी पीत जा."

पाण्याचं नाव त्या दिवशी मला नकोच होतं.

तीन दिवस रंजना इकडे की तिकडे होती. त्या तीन दिवसांत मी त्या वीस मिनिटांचा हिशेब इतक्या वेळा लावला, की सुषमानं शेवटी माझा फोन उचलणं बंद केलं. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. वाचली.

पुढे आमच्या संस्थेच्या मॅडमना रिपोर्ट द्यायचा होता. "प्रतिसाद" या रकान्यात सुषमानं लिहिलं — दारावर टकटक. मॅडमनी विचारलं, "कोणी केली?" सुषमानं माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. रकाना तसाच राहिला.

पण मी बाबांची मुलगी. महिन्याभरानं, रंजना माहेरी गेलेली असताना, मी एकटीच त्या घरी गेले. विनोदनं दार दुरुस्त केलेलं होतं. मशीन पुन्हा दाराला चिकटवून ठेवली आणि सासूबाईंना बाहेर, मी बसले होते त्याच जागी, बसवलं. त्या जागेच्या बरोबर मागे मशीनचे लाकडी खण येतात. ते दाराला इतके टेकलेले की मधून बोट जात नाही. मग मी पलंगावरून उड्या मारल्या. पायडल हलवून पाहिलं. कूलरला धक्के दिले. शेवटी मशीनला लाथा घातल्या... साठीला टेकलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचून.

"आलं का काही ऐकू?"

बाहेरून सासूबाई, "खडखड येऊन राहिली ताई. तवाचं तसं नाही. अन् लाथा नोका मारू, माहेरची मशीन हाय तिची!"

उंदीर म्हणाल, तर उंदराला झोप झाली का नाही ते कसं माहीत? आमच्या कानांचा भास म्हणाल, तर मी, सुषमा, सासूबाई, विनोद, चौघांना एकच भास, आणि तोही मोजून? सासूबाईंना नंतर विचारून पाहिलं, तर रात्रभर जागी होती, सकाळी जेवली नव्हती, माहेर नरखेडकडचं. एक उत्तर चुकलेलं नव्हतं. सतराचा पाढा तेवढा विचारायचा राहिला. बाबा असते तर त्यावरूनच बोलले असते.

नातीचं म्हणणं, आजी, तुझ्या मनानंच ऐकलं असेल. असेल. पण माझ्या मनाला जर आधीच माहीत होतं, तर मेल्यानं वीस मिनिटं भाजी काहून विचारली? त्यानंतर मी हे काम सात वर्षं केलं आणि प्रत्येक घरात तो प्रश्न बसल्या बसल्या विचारला, सासूसमोर, सासऱ्यासमोर, एकदा तर वरातीतल्या बँडवाल्यासमोर. एवढंच मला त्यातून मिळालं. बाकी स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं, आजही नाही.

रंजनाशी मी त्या टकटकीबद्दल कधी बोलले नव्हते. घरच्यांनाही ताकीद होती, तिला त्या दिवसाचं काही सांगू नका. वर्षभरानं तिनं मला बोलावून घेतलं, माझं ब्लाऊज शिवायला. अंगात भरली होती, हसत होती. माप घेऊन झालं, त्याच मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काय वं, त्या दिवशी तूच वाजवत होती ना?"

तिनं दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मावशी, तुमचं समदं ऐकू येत होतं मले, भाजीचं बी. पण मी कायले वाजवीन? मी तं मनात दरवाजा तोडू नोका, तोडू नोका, म्हणून राहिली होती."