वाक्य पूर्ण होईपर्यंत : प्रा. मंदाकिनी चौबळ

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी मी बाईंशी खोटे बोललो. प्रा. मंदाकिनी चौबळ यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो, तर सर्वांत आधी हीच आठवण पुढे आली. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

समाजशास्त्राचा पहिला तास होता. बाईंनी प्रत्येकाला उभे राहून आपले नाव आणि गाव सांगायला सांगितले. माझे नाव प्रभाकर. मी लहानपणापासून अडखळत बोलतो, आणि 'प' हे अक्षर एकदा ओठांवर येऊन बसले की उठायचे नाव घेत नाही. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अनिल, बडोदा." हे नाव मला विनासायास उच्चारता येई. दुकानात, बसमध्ये, कोणी अनोळखी माणसाने विचारले, की मी अनिलच असे.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवले. हजेरीपट उघडून त्या मराठीत म्हणाल्या, "अनिल नावाचं या यादीत कोणी नाही. तुम्ही कोण?" मी माझ्या खऱ्या नावावर बोट ठेवले. त्यांनी नावाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि "बरं" एवढेच म्हणून पट मिटला.

बाईंचे घराणे बडोद्यातले जुने. त्यांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. माझे वडील जळगावकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेले, आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहत असू. दोन्ही घरे मराठी, पण एकमेकांच्या उंबऱ्यावर जाण्याचा प्रसंग येईल अशी नव्हेत. कॉलेज नसते तर बाई आणि मी एकाच गावात राहूनही एकमेकांना कधी भेटलो नसतो. गुजराती मुले त्यांना 'बेन' म्हणत, आम्ही 'बाई'. त्या दोन्ही हाकांना सारखीच ओ देत. आणि अठरा वर्षांच्या पोरासोरांनाही 'अहो-जाहो' करीत, ही त्यांची सवय सर्वांना ठाऊक आहेच.

दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हजेरी घेताना बाई माझ्या क्रमांकाशी आल्या, की एकदा मान वर करून मला पाहत आणि मी काही बोलण्याआधीच खूण करून पुढे जात. वर्गात प्रश्न विचारताना माझा बाक वगळत. चर्चासत्रात प्रत्येकाला पाच मिनिटे बोलावे लागे. माझ्याकडून त्यांनी ते लेखी घेतले. प्रथम मला सुटल्यासारखे वाटले. मग हळूहळू राग येऊ लागला. हा राग कोणावर आहे, हे मलाही नीट कळत नव्हते.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर वडिलांनी वाघोडियाच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये माझ्यासाठी जागा पाहिली. तेव्हा तिथली औद्योगिक वसाहत भराभर वाढत होती. "नोकरी एकदम पाकी आहे," ते इथल्या गुजराती वळणाने म्हणाले. "डिग्री काय, बाहेरून परीक्षा देऊनही मिळते. आणि कॉलेजात राहिलास तर शेवटी तोंडी परीक्षा आहे. काय करशील?" यात त्यांचा दुष्टपणा मुळीच नव्हता. डॉक्टरकडे, दुकानात, नातेवाइकांत ते माझ्या वतीने बोलत आले होते. पुढे आपण नसू तेव्हा याचे कसे होणार, ही काळजी त्यांना पोखरत असे.

कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन मी बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी कारण विचारले. मी जे बोललो ते बोलायला मला फार वेळ लागला, पण बोललो. "इथे बसून मी फक्त ऐकतो. घरी बसून वाचता येईल. फरक काय?"

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "म्हणजे दीड वर्ष मी तुम्हाला वर्गात असून नसल्यासारखं ठेवलं."

मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"मला वाटलं, तुमचा त्रास वाचवते आहे. दया केली मी तुमच्यावर. चुकलंच माझं, प्रभाकर."

विद्यार्थ्यासमोर 'चुकलं' म्हणणारे वडीलधारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. त्यांनी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. "पुढच्या आठवड्यात वाघोडियाचं सर्वेक्षण आहे. मला माणसं कमी पडतात. तेवढं करा. त्यानंतर अर्ज मागाल त्या दिवशी सही करीन, एक शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी हजेरीत माझा क्रमांक आला आणि बाई थांबल्या. मला इथल्या गुजराती रिवाजाप्रमाणे 'हाजर' म्हणायचे होते. शब्द घशात अडकला. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसले. बाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही, माझ्याकडे कनवाळूपणे पाहिले नाही, हसणाऱ्यांना रागावल्याही नाहीत. पेन कागदावर टेकवून नुसत्या थांबल्या. अखेर माझ्या तोंडून शब्द निघाला. त्यांनी खूण केली आणि पुढचा क्रमांक पुकारला. शाबासकी दिली नाही. ती दिली असती तर मी दुसऱ्या दिवशी आलो नसतो.

सर्वेक्षणासाठी बाईंनी माझी जोडी हंसा पटेलशी लावली. हंसा सावली नावाच्या गावाहून रोज एस.टी.ने येणारी, शेतकऱ्याची मुलगी. बोलायला लागली की थांबणे तिला माहीत नव्हते. सगळा वर्ग हसला. एक बोलत नाही आणि एक थांबत नाही, अशी ही जोडी. मलाही ती बाईंची चेष्टाच वाटली.

आम्हाला कामगारांच्या खोल्यांतून फिरून माहिती घ्यायची होती: गाव का सोडले, आजारपणात कोणाकडे जाता, इथे आपले असे कोण आहे. पहिल्या तीन-चार घरी हंसाने प्रश्न विचारले आणि उत्तरेही बहुतेक तिनेच दिली. पाचव्या घरी खानदेशातून आलेली एक बाई तांदूळ निवडत बसली होती. नवरा कामावर गेला होता. ती तुटक उत्तरे देत होती. तिला गुजराती नीट समजत नाही, हे माझ्या ध्यानात आले आणि मी मराठीत विचारले, "इथे तुमचं असं कोण आहे?" एवढा एक प्रश्न पुरा व्हायला बरेच सेकंद गेले असतील. तेवढ्यात तिचा तांदळातला हात थांबला. तिने सूप बाजूला ठेवले.

तिची सहा वर्षांची मुलगी गावी आजीपाशी होती. खोली लहान, शाळा दूर, म्हणून ठेवलेली. मागच्या खेपेस ही गावी गेली तेव्हा मुलीने तिला 'मावशी' म्हणून हाक मारली होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. "कोणी विचारलंच नाही, भाऊ," ती म्हणाली. ती रडत होती, आणि हंसा, जिचे तोंड कधी बंद नसे, तिच्या शेजारी जमिनीवर बसून नुसते ऐकत होती.

परतताना बसमध्ये हंसा सावकाश म्हणाली, "तुं बोले ने, त्यारे सामावाळाने विचारवानो वखत मळे छे." मी बोलतो तेव्हा समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो, असे तिचे म्हणणे. ज्या गोष्टीची मला जन्मभर लाज वाटली, तिचा कोणाला उपयोग होऊ शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. नंतर हंसानेच सांगितले, की घरात सात माणसे, तिचे कोणी ऐकत नाही, म्हणून ती सापडेल त्याच्याशी बोलत सुटते. त्या सर्वेक्षणात ती ऐकायला शिकली. आज ती सावलीच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि पालकांना आधी बोलू देते अशी तिची ख्याती आहे.

मी अर्ज मागितला नाही. बाईंनीही त्याचा विषय काढला नाही.

वडिलांना सांगणे मात्र अवघड गेले. हातची नोकरी मी घालवतो आहे, असे त्यांना वाटले, आणि ते खरेही होते. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एवढेच विचारले, "तिथे तुझ्याशी नीट वागतात ना?" मी "हो" म्हणालो. त्यावर माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला त्यांनी आईला सांगितले.

तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरगावचे परीक्षक होते; मनुष्य चांगला, पण घाईत. त्यांनी आमच्या वाघोडियाच्या अहवालावर प्रश्न विचारला. मी उत्तर सुरू केले आणि अडलो. त्यांनी माझे वाक्य स्वतःच पूर्ण केले. मला म्हणायचे होते ते हे नव्हते, तरी जन्माच्या सवयीने मी मान डोलावली. दुसऱ्या प्रश्नाला तेच झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या तोंडचा शब्द उचलला, तोच शेजारी बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, त्यांचं वाक्य अजून व्हायचं आहे."

बाईंनी मला मदत म्हणून एक शब्दही पुरवला नाही. मग मी म्हणालो, "नाही सर. मला ते म्हणायचं नव्हतं. आधीची दोन उत्तरंही माझी नव्हेत." परीक्षकांनी चष्मा काढला आणि खुर्चीला टेकून म्हणाले, "मग सांगा." मी सांगितले. कामगाराने गाव का सोडले एवढेच विचारून भागत नाही, मागे कोण राहिले हेही विचारले पाहिजे, असे काहीसे मी म्हणालो. ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागला. बाहेर थांबलेली मुले वैतागली होती.

गुण बेताचेच पडले. दुसरा वर्ग मिळाला. ते गुणपत्रक आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. परंतु 'मला ते म्हणायचे नव्हते' असे समोरच्या मोठ्या माणसाला सांगता येणे, हे मी त्या इमारतीतून घेऊन बाहेर पडलो. ते बाहेरून परीक्षा देऊन मिळाले नसते. पुस्तक कोणालाही घरी वाचता येते. पण आपल्याला ऐकायला बसलेली चार माणसे, आपल्यावर हसणारी चार, आणि आपल्याहून अगदी निराळ्या घरातून आलेली एखादी हंसा, ही घरी कशी मिळणार? बाईंनी हे कधी भाषणातून सांगितले नाही. त्या वर्ग घेत गेल्या आणि आम्ही घडत गेलो.

पुढे मी त्याच विभागात शिकवू लागलो. बाईंच्या हाताखाली बारा वर्षे काढण्याचे भाग्य मला लाभले. सुरुवातीला एका वर्गात मुलांनी माझी नक्कल केली. मी बाईंना जाऊन सांगितले. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुम्ही काय केलंत?" मी म्हणालो, "शिकवणं पुरं केलं." "मग झालं तर. चहा घ्या." त्यांचे सांत्वन असेच असे. मात्र माझे वडील आजारी पडले तेव्हा हॉस्पिटलात रोज सकाळी येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्याही याच बाई होत. "तुमच्या मुलाला मी नोकरीला मुकवलं," असे त्या वडिलांना म्हणाल्या. वडील म्हणाले, "बाई, आता तो माझ्याच वतीने डॉक्टरशी बोलतो." दोघेही हसले.

निवृत्तीनंतर बाई बडोद्याच्या कारेलीबाग भागात राहतात. त्यांच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास आहे, समोर स्कूटरींची रांग असते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या देवांशीने त्यांना विचारले, "आजी, सगळं मोबाइलवर शिकता येतं. कॉलेजात जाऊन काय करू?" बाईंनी तिला उपदेश केला नाही. कॉलेज उघडल्यावर तिला रिक्षात घालून माझ्या वर्गात घेऊन आल्या आणि दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. तास संपला. एका मुद्द्यावर देवांशीचे माझ्या एका विद्यार्थिनीशी वाजले, आणि दोघी पायऱ्यांवर उभ्या राहून मराठी, गुजराती, हिंदी अशा मिळेल त्या भाषेत भांडू लागल्या. मी बाईंना म्हणालो, "चला, तुम्हाला घरी सोडतो." त्या पायरीवर बसल्या होत्या, गुडघा चोळत. म्हणाल्या, "अहो, थांबा. देवांशी हरत आली आहे. हे तिला घरी कोण देणार?"

देवांशीने त्याच आठवड्यात प्रवेश घेतला.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, दृष्टी अशीच निर्मळ राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत त्यांना निरामय आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्व विद्यार्थ्यांची प्रार्थना आहे. बाई, कॉलेजच्या पायऱ्यांवर पुढच्या वर्षीही कोणीतरी कोणाशी तावातावाने वाद घालत असेल. तुम्ही या. रिक्षा मी पाठवतो.